२१७ रुपयांची थकबाकी आणि ३० लाखांचं गृहकर्ज

फेब्रुवारी २०२५ मध्ये गोव्यात डिचोलीतल्या एका तरुणाचा गृहकर्जाचा अर्ज अडला. वय २९, वेर्णा औद्योगिक वसाहतीत औषध कंपनीत नोकरी, हातात येणारा पगार ४८ हजार. बायको खासगी शाळेत शिक्षिका, तिचे २२ हजार. फ्लॅट ३८ लाखांचा, कर्ज हवं होतं ३० लाख. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. इथे मागणी ८० टक्क्यांच्याही आत होती. पगाराच्या पावत्या, विवरणपत्रं, बिल्डरचे कागद, सगळं जागच्या जागी. तरी मॅनेजरने त्याच्यापुढे दोनच वाटा ठेवल्या: नेहमीच्या साडेआठऐवजी नऊ टक्के व्याज मान्य करा, नाहीतर काही महिने थांबून पुन्हा या.

त्याचा सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून काढलेला पतगुण, ६६८ निघाला होता. दीड वर्षापूर्वी तोच ७८१ होता.

माझं डिचोलीत कर सल्लागाराचं काम आहे आणि या घरची विवरणपत्रं बरीच वर्षं मीच भरतो, म्हणून तो कागद घेऊन माझ्याकडे आला. त्याचं म्हणणं एकच होतं: "सर, मी कोणाचं काही बुडवलं नाही. फक्त बँका बदलल्या. पैसे मिळत होते म्हणून." हे प्रकरण त्याच्या परवानगीने लिहितो आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि बँकांची नावं मुद्दाम टाळली आहेत. वाचताना गोंधळ नको म्हणून तीन बँकांना मी डिचोलीची बँक, वेर्ण्याची बँक आणि मडगावची बँक म्हणेन. चौथी मोबाईलवरची.

स्विंडनहून आलेली कल्पना

२०२३ च्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, त्याचा मामेभाऊ घरी आला होता. पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेलेल्या गोमंतकीयांची मोठी वस्ती स्विंडनमध्ये आहे, हाही तिथलाच, एका गोदामात नोकरीला. गप्पांच्या ओघात तो म्हणाला, "अरे, तिकडे बँक बदलली की बँकच आपल्याला पैसे देते. मी तीनदा बदलली. प्रत्येक वेळी दीडशे-पावणेदोनशे पाउंड." गोष्ट खरी आहे. ब्रिटनमध्ये नवा खातेदार ओढण्यासाठी बँका शंभर-दोनशे पाउंड देतात आणि ते मिळवत फिरणारे लोक तिकडे भरपूर आहेत.

पण ते तिथे सोपं का आहे, हे त्या गप्पांत निघालं नाही. सप्टेंबर २०१३ पासून ब्रिटनमध्ये खातं हलवण्याची एक सामाईक यंत्रणा आहे. नव्या बँकेला सांगितलं की सात कामाच्या दिवसांत जुन्या खात्यातली शिल्लक, त्यावरून कापले जाणारे सगळे हप्ते आणि बिलं नव्या खात्यावर येतात. जुनं खातं आपोआप बंद होतं. चुकून कोणी जुन्या क्रमांकावर पैसे पाठवलेच, तर ते पुढे वळवले जातात. या सगळ्यात काही चुकलं आणि ग्राहकाला दंड बसला, तर भरपाई बँकेने करायची. म्हणजे ग्राहक बँक बदलतो तेव्हा मागे काही उरतच नाही.

आपल्याकडे अशी सोय नाही. मोबाईल क्रमांकासारखा खाते क्रमांकही आपल्याबरोबर नेता यावा, ही कल्पना रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर एस. एस. मुंद्रा यांनी २०१७ मध्ये जाहीरपणे मांडली होती. ती कल्पनाच राहिली. त्यामुळे इथे बँक बदलणं म्हणजे प्रत्यक्षात आणखी एक खातं उघडणं. जुनं तसंच राहतं, त्याला बांधलेले हप्तेही तिथेच राहतात, आणि ते सोडवायचं काम ज्याचं त्याने करायचं.

मामेभावाने आणखी एक गोष्ट सांगितली नव्हती. ती नंतर फोनवर कळली. तिकडे चालू खात्याबरोबर बहुधा ओव्हरड्राफ्ट (खात्यात पैसे नसतानाही ठरावीक मर्यादेपर्यंत काढायची सोय) येतो, त्यामुळे खातं उघडतानाही बँक पतनोंदी तपासते आणि त्या तपासणीची खूण नोंदीत राहते. म्हणून घरासाठी कर्ज घ्यायचं ठरलं की त्याच्या कित्येक महिने आधी तो हा उद्योग बंद ठेवतो. "तू घर घेतोयस हे मला काय ठाऊक?" असं त्याचं म्हणणं. तेही बरोबरच.

काय काय उघडलं

नोकरी लागली तेव्हापासून पगार डिचोलीच्या बँकेत जमा व्हायचा. २०२२ मध्ये घेतलेल्या दुचाकीच्या कर्जाचा ३,८५० रुपयांचा हप्ताही दर ५ तारखेला तिथूनच कापला जायचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये कंपनीच्या कँटीनबाहेर वेर्ण्याच्या बँकेने टेबल मांडलं. पगार खातं इकडे आणा, अडीच हजारांचं व्हाउचर घ्या. फॉर्मवर चार-पाच सह्या झाल्या. त्यातल्या एका सहीने 'आयुष्यभर मोफत' क्रेडिट कार्ड आलं, दुसरीने एक लाखाचा पगारी ओव्हरड्राफ्ट. टेबलावरचा मुलगा म्हणाला होता, "वापरला नाही तर एक रुपया व्याज नाही." हे त्याचं बोलणं खोटं नव्हतं.

जानेवारी २०२४ मध्ये आधार आणि ओटीपीवर मोबाईल बँकेचं खातं, पाचशे रुपये बक्षीस. त्यानंतर जुलैपर्यंत भेटवस्तूंसाठी दोन क्रेडिट कार्डं; तिसऱ्याचा अर्ज नामंजूर. ऑगस्टमध्ये पगार पुन्हा हलला, या वेळी मडगावच्या बँकेत. सलग दोन पगार जमा झाले की तीन हजार रोख. सोबत आणखी एक कार्ड.

त्याच्या घरात बँकेचं नाव काढलं की सगळे सावध होतात, हे इथे सांगायला हवं. वडिलांचा खाणीवर ट्रक होता. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या आणि आमच्या तालुक्यात अंगणाअंगणांत ट्रक उभे राहिले. वडिलांचं ट्रककर्ज शेवटी तडजोडीने मिटलं, आणि पतअहवालात ते 'बंद' असं न येता 'सेटल्ड' म्हणून आलं. त्यामुळे पोराने ठरवलंच होतं की कर्ज हा प्रकार दुरूनच बरा. खाती उघडणं म्हणजे कर्ज नव्हे, हे त्याचं गणित होतं. ते निम्मं बरोबर होतं.

अहवाल उघडल्यावर

लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या पतमाहिती कंपन्या देशात चार: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीने वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून लागू आहे. आम्ही चारही मागवले. आपला अहवाल आपणच पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. ही भीती अजून बऱ्याच जणांच्या मनात आहे म्हणून सांगतो.

सगळ्यात आधी लक्षात आलं ते काय नव्हतं. चार बचत खाती, पण अहवालात एकाचाही उल्लेख नाही. बचत खातं, त्यातली शिल्लक, पगार कुठे जमा होतो, यातलं काहीच पतमाहिती कंपन्यांकडे जात नाही. त्याने आणखी दहा बचत खाती उघडली असती तरी स्कोअर तसूभर हलला नसता. किमान शिल्लक न ठेवल्याचा दंडही तिथे दिसत नाही. दिसतं ते खात्याला चिकटून आलेलं: ओव्हरड्राफ्ट आणि कार्डं. बँक त्यांना कर्जच मानते, मग ती वापरा किंवा न वापरा.

चौकश्यांच्या रकान्यात (कर्जाचा किंवा कार्डाचा अर्ज आला की बँक अहवाल मागवते, त्याची ही नोंद) दहा महिन्यांत सहा नोंदी होत्या. एक ओव्हरड्राफ्टची, पाच कार्डांच्या, नामंजूर झालेलं धरून. लोक या चौकश्यांना फार घाबरतात. माझ्या मते त्या या अहवालातलं सगळ्यात किरकोळ दुखणं होतं. एकाच वर्षात इतक्या ठिकाणी हात पसरलेला दिसला की बँकेला प्रश्न पडतो हे खरं, पण काळ गेला की त्यांचं वजन उतरत जातं. खरं नुकसान दोन नोंदींनी केलं होतं.

पहिली नोंद दुचाकीची. नोव्हेंबर २०२४ चा हप्ता ३३ दिवस उशिरा. त्याने अहवाल पाहिला आणि चिडलाच. "मी दर महिन्याला मोजून पैसे पाठवलेत!" पासबुक काढलं तेव्हा उलगडा झाला. पगार येणं थांबल्यावर काही महिन्यांनी डिचोलीच्या बँकेने ते पगार खातं साध्या बचत खात्यात वळवलं. पगार खात्याला किमान शिल्लक नसते, साध्याला असते. तिमाहीला ३५४ रुपये, म्हणजे ३०० दंड अधिक १८ टक्के जीएसटी, कापले जाऊ लागले. तो महिन्याच्या सुरुवातीला मोबाईलवरून ३,९०० रुपये पाठवायचा. आधीची थोडी शिल्लक होती म्हणून दोन तिमाह्या निभावल्या. तिसऱ्यांदा दंड कापला गेला तो हप्त्याच्या आधी, आणि खात्यात तीनशे रुपये कमी पडले. हप्ता परतला. परतल्याचे ५९० रुपये बँकेने त्याच खात्यातून घेतले. वित्त कंपनीने आठवड्याने हप्ता पुन्हा लावला, तेव्हा खड्डा आणखी खोल झाला होता. तोही परतला, पुन्हा ५९०. ८ डिसेंबरला वसुलीचा फोन आला तेव्हा कुठे त्याने पैसे भरले.

किमान शिल्लक घसरली तर बँकेने आधी कळवायचं आणि भरायला महिनाभर द्यायचा, असा नियम आहे. बँकेने एसएमएस पाठवला होता. चार बँका आणि तेवढीच कार्डं असलेल्या माणसाला दिवसाला किती एसएमएस येतात याचा अंदाज करा.

दुसरी नोंद वेर्ण्याच्या बँकेची, आणि या प्रकरणाचा गाभा तिथेच आहे. मे २०२४ च्या अखेरीस बहिणीच्या लग्नाच्या खर्चासाठी त्याने ओव्हरड्राफ्टमधून २० हजार काढले होते. २४ जुलैला सगळे परत भरले. ३१ जुलैला त्या महिन्याचं व्याज लागलं: २१७ रुपये. ऑगस्टपासून पगार मडगावला जायला लागला. बचत खात्यातली शिल्लक त्याने आधीच काढून घेतली होती आणि अ‍ॅप मोबाईलमधून काढून टाकलं होतं. त्याच्या लेखी ती बँक संपली. बँकेच्या लेखी मात्र एक कर्जखातं चालू होतं, ज्यावर २१७ रुपये येणं होतं आणि जमेला काहीच नव्हतं.

रिझर्व्ह बँकेच्या नियमात इथे रक्कम बघत नाहीत. ओव्हरड्राफ्ट खात्यात सलग ९० दिवस काही जमा झालं नाही, किंवा जमा झालं ते व्याजालाही पुरलं नाही, तर ते खातं बिघडलेलं धरायचं आणि अनुत्पादित, म्हणजे एनपीए ठरवायचं. नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकाने हे अधिक काटेकोर केलं. ही मोजणी आता संगणकच करतो, त्यामुळे "अहो, दोनशे रुपये तर आहेत" म्हणून कोणी शाखेत बाजूला ठेवत नाही. नोव्हेंबरपासून त्याच्या अहवालात त्या खात्यापुढे इंग्रजी तीन अक्षरं येत होती, ज्यांचा अर्थ दुय्यम दर्जाचं कर्ज. ट्रक बुडालेल्या वडिलांच्या अहवालात जे शिक्के होते, त्याच जातीचा शिक्का पोराला २१७ रुपयांत मिळाला होता.

थकबाकी पतमाहिती कंपनीला कळवताना ग्राहकालाही एसएमएस किंवा ईमेल करा, असं रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये सगळ्यांना बजावलं आहे. ईमेल आलेही होते. जाहिरातींच्या फोल्डरात सापडले.

मॅनेजरने आणखी एका गोष्टीवर बोट ठेवलं होतं, ती स्कोअरमध्ये मोजली जात नाही. सहा महिन्यांचे खातेउतारे पाहताना त्यांना दर महिन्याला तेच दहा-पंधरा हजार तीन खात्यांतून गोल फिरताना दिसले. बक्षिसाची अट म्हणून 'दरमहा इतकी जमा हवी' असं असतं, ती पूर्ण करायला हा पैसे फिरवायचा. "हे पैसे कुणाचे? उसने घेतलेत का?" असं मॅनेजरने विचारलं. उत्तर निष्पाप होतं, पण कर्जाच्या टेबलावर ते समजावत बसावं लागणं हेच वाईट.

हिशेब

बक्षिसं: २,५०० चं व्हाउचर, मोबाईल बँकेचे ५००, एका कार्डाचं १,००० चं व्हाउचर, दुसऱ्याचे २,००० पॉइंट (एका पॉइंटचे चार आणे, म्हणजे ५०० रुपये), आणि मडगावचे ३,०००. एकूण ७,५००.

खर्च: हप्ता परतल्याचे बँकेला १,१८०, वित्त कंपनीला १,०००, किमान शिल्लकीचा दंड १,०६२, ओव्हरड्राफ्टचं व्याज साधारण ५००, आणि एका कार्डाची वार्षिक फी जीएसटीसकट ५८९. बेरीज ४,३३१. शिल्लक नफा ३,१६९ रुपये, त्यातलाही बराचसा व्हाउचरच्या रूपात.

आता दुसरी बाजू. ३० लाख, २० वर्षं: साडेआठ टक्क्यांनी हप्ता २६,०३५ रुपये, नऊ टक्क्यांनी २६,९९२. फरक महिन्याला ९५७, पूर्ण मुदतीत २ लाख २९ हजारांच्या पुढे. दर बदलता असतो, रेपो (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर) खाली आला की हप्ता कमी होईल, मग घाई काय, असं त्याच्या सासऱ्यांचं मत पडलं. इथे एक बारकावा आहे. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडलेली असतात आणि त्यावर बँक स्वतःचा टक्का चढवते. त्यातला कर्जदाराच्या जोखमीचा भाग मंजुरीच्या वेळी ठरतो आणि कर्जदाराची पत मोठ्या प्रमाणात बदलल्याशिवाय तो बदलत नाही. रेपो कितीही उतरला तरी हा अर्धा टक्का वर बसून राहिला असता.

थांबण्यालाही किंमत होतीच. नवराबायको भाड्याने राहत होते, महिना ८,०००. बिल्डरने एक लाखाची विसार रक्कम धरून ठेवली, पण दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट गेला, चौथ्यावरचा मिळाला. लिफ्ट असलेली इमारत, तरी आईच्या गुडघ्यांमुळे घरात त्यावर बराच वाद झाला. मी थांबण्याच्या बाजूने होतो. निर्णय त्यांचा.

निस्तरणं

म्हापशात आणि पणजीत 'सिबिल दुरुस्त करून देतो' म्हणणारे आहेत. एकाने याच्याकडे १५ हजार मागितले होते. खरी नोंद कोणालाही पुसता येत नाही आणि चुकीची नोंद दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत, तेव्हा हा माणूस नक्की कशाचे पैसे घेतो हे मला आजवर कळलेलं नाही.

मार्चमध्ये तो स्वतः वेर्ण्याच्या शाखेत गेला. तोवर २१७ चे २४० झाले होते. ते भरले, ओव्हरड्राफ्टची मर्यादा रद्द करून घेतली, बचत खातंही बंद केलं आणि 'येणं बाकी नाही' असं पत्र शिक्क्यासकट घेतलं. हे पत्र महत्त्वाचं. काउंटरवरची तोंडी "झालं हो" उपयोगाची नाही. बँकांना १ जानेवारी २०२५ पासून पतमाहिती दर पंधरवड्याला पाठवावी लागत होती, त्यापूर्वी महिन्याला जायची. तरी एप्रिलअखेर चारपैकी दोन अहवालांत खातं चालूच दिसत होतं. तक्रार नोंदवली. दुरुस्ती ३० दिवसांत झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई ग्राहकाला मिळते. हा नियम पत्रात लिहिला आणि तीन आठवड्यांत दोन्ही अहवाल सरळ झाले. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायची वेळ आली नाही. जायचं झालं तर सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्याही त्या योजनेत आहेत.

जुने महिने मात्र तसेच राहिले. अहवालात ३६ महिन्यांचा भरणा दिसतो, म्हणजे नोव्हेंबर २०२४ चे ते ३३ दिवस पुढची काही वर्षं दिसत राहणार. त्याने विचारलं, "मग उपयोग काय?" उपयोग हा की 'थकीत' आणि 'पूर्ण भरून बंद' यांत बँका मोठा फरक करतात.

कार्डांबाबत आमचे मतभेद झाले. त्याला चारही एका दमात बंद करायची होती. मी वेर्ण्याच्या बँकेचं ठेवायला सांगितलं: सगळ्यांत जुनं, फी नाही, आणि सगळी बंद केली तर उरलेल्या मर्यादेच्या मानाने वापर जास्त दिसू लागतो. मडगावच्या बँकेचं कार्ड त्याने कधी सुरूच केलं नव्हतं. सुरू न केलेलं कार्ड बँकेने अहवालात कळवायचंच नसतं, आणि ३० दिवसांत सुरू केलं नाही तर ग्राहकाची ओटीपीने संमती घ्यायची, ती मिळाली नाही तर बंद करायचं. तरी एका अहवालात ते दिसत होतं. एका ईमेलवर निघालं. राहिलेली दोन बंद करायला सांगितल्यावर एका बँकेकडून 'ऑफर' देणारे फोन सुरू झाले. बाकी काही नसेल तर सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं, नाहीतर दिवसाला ५०० रुपये दंड बँकेने ग्राहकाला द्यायचा, हा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२२ पासून आहे. त्याने फोनवर तो आकडा सांगितला. दुसऱ्या दिवशी कार्ड बंद.

माझ्या बाजूचंही एक काम निघालं. विवरणपत्रात चालू असलेली सगळी बँक खाती दाखवावी लागतात, निष्क्रिय सोडून, आणि प्रत्येक खात्याचं व्याज उत्पन्नात धरावं लागतं. त्याने दोन खाती सांगितलीच नव्हती. शिवाय आदल्या वर्षीचा परतावा वेर्ण्याच्या खात्यावर मागितलेला. तो यायच्या आधी खातं बंद झालं आणि परतावा अडकला. नवं खातं पोर्टलवर पडताळून पुन्हा मागणी केली तेव्हा आला. भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीतही जुनाच खाते क्रमांक होता. सरकारी अनुदान आधार शेवटी ज्या बँकेशी जोडलं तिथे जातं, म्हणजे याच्या बाबतीत मोबाईल बँकेत.

दुचाकीचं कर्ज २०२५ च्या मध्यात फिटलं. ऑक्टोबरमध्ये स्कोअर ७३८ झाला. बायकोच्या नावावर आजवर काहीच कर्ज नव्हतं, त्यामुळे तिला स्कोअरच नव्हता. मॅनेजरने तिचं उत्पन्न धरलं, तिच्या कोऱ्या पाटीचा प्रश्न केला नाही. डिसेंबरमध्ये कर्ज मंजूर झालं, जोखमीचा वरचा अर्धा टक्का न लावता. फेब्रुवारीतल्या साडेआठपेक्षाही दर बराच खाली आला होता, पण त्याचं श्रेय स्कोअरला नाही. २०२५ मध्ये रेपो दर चार टप्प्यांत साडेसहावरून सव्वापाचवर आला, त्याला आहे.

मंजुरीपत्रात शेवटी एक ओळ होती: पगार खातं आमच्याकडे आणल्यास व्याजात ०.०५ टक्का सवलत. महिन्याला नव्वदेक रुपये. तो माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "सर, आता काय करू?"

पगार हलवला, तिसऱ्यांदा. पण आधी मडगावच्या खात्यावरून काय काय कापलं जातं याची यादी नेटबँकिंगमधून काढली: विम्याचा हप्ता, दोन एसआयपी, वीजबिल. प्रत्येकाचा नवा आदेश नव्या खात्यावर नोंदवला, आणि प्रत्येकाची पहिली कपात तिथून झालेली दिसेपर्यंत जुन्या खात्यात दोन महिन्यांची रक्कम ठेवली. नव्या खात्याच्या फॉर्ममध्ये ओव्हरड्राफ्ट आणि कार्ड या दोन्ही रकान्यांवर आडवी रेघ मारून बाजूला सही केली. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "मोफत आहे हो!" याने मान डोलावली आणि फॉर्म पुढे सरकवला. मार्चमध्ये मडगावचं खातं लेखी अर्ज देऊन बंद होईल.

मोबाईल बँकेचं खातं तेवढं लोंबकळतं आहे. ओटीपीवर उघडलेल्या खात्याची पूर्ण केवायसी वर्षाच्या आत करावी लागते. त्याने केली नाही, आणि खातं गोठलं. आधार नव्या बँकेशी जोडून झालं. खात्यात बक्षिसाचे पाचशे रुपये आहेत. ते काढायचे तर आधी व्हिडिओ कॉलवर पॅनकार्ड दाखवून केवायसी पुरी करायची, मग खातं बंद करायचा अर्ज द्यायचा. रविवारी करतो म्हणाला आहे.